दातांच्या डॉक्टरचं डाक-रॉकेट

इंजिनिअरिंगच्या मुलासमोर रॉकेट हा शब्द काढला की थुंबा, श्रीहरिकोटा, साराभाई, कलाम ही नावं आपोआप बाहेर पडतात. व्हायव्हात परीक्षकाने विचारलं तरी आपण २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालेल्या त्या पहिल्या साउंडिंग रॉकेटपासूनच सुरुवात करतो. पण त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी याच देशात एक माणूस नदीच्या काठावर, जहाजाच्या डेकवर, डोंगरदऱ्यांत रॉकेटं उडवत होता आणि त्या रॉकेटांत चक्क पोस्टाची पत्रं भरलेली असायची. त्याचं नाव स्टीफन स्मिथ. पूर्ण नाव स्टीफन हेक्टर टेलर-स्मिथ. धंद्याने दातांचा डॉक्टर!

तिकिटं जमवणाऱ्यांच्या जगात हे नाव माहीत नाही असा माणूस विरळा. रॉकेट शिकणाऱ्यांच्या जगात मात्र ते फारसं कुणाला ठाऊक नाही. मलाही तो कुठल्या प्रॉपल्शनच्या पुस्तकात भेटला नाही, माझ्या पाकिटांच्या नादापायी भेटला. म्हणून आधी त्या नादाबद्दल दोन शब्द. नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

तिकिटं जमवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाचवी-सहावीतला अल्बम येतो. त्यात भूतानची तिकिटं, मग्यार पोस्टाची तिकिटं, एखादं त्रिकोणी तिकीट, आणि मित्राशी केलेल्या अदलाबदली. दहावीला तो अल्बम माळ्यावर जातो तो जातोच. पण यातला पक्का माणूस पुढेमागे तिकिटावरून पाकिटावर घसरतो. कारण साधं आहे. आजकालचं कोरं तिकीट मिळवायला अक्कल लागत नाही. मोठ्या शहरातल्या फिलाटेलिक ब्युरोत जायचं, पैसे मोजायचे, तिकीट घ्यायचं. तेच तिकीट एखाद्या खऱ्या पत्रावर, त्या काळच्या खऱ्या दराने चिकटवलेलं, तारखेचा स्वच्छ शिक्का बसलेलं आणि पत्त्यावर पोचलेलं असं शोधायला जा, वर्षानुवर्षं सापडत नाही. लोक नवीन तिकीट अल्बममध्ये ठेवतात, ऑफिसं फ्रँकिंग मशीनचा छाप मारतात, आणि आलेलं पाकीट आपण टराटरा फाडून टाकतो. म्हणजे लाखांनी छापलेली वस्तूही वापरलेल्या अवस्थेत दुर्मिळ होते. आमच्या होस्टेलचे वॉचमनकाका माझ्यासाठी रद्दीतली पाकिटं बाजूला ठेवतात आणि मेसमधली पोरं मला कचरावाला म्हणतात, ते यामुळेच. असो.

तर या पाकिटवाल्यांच्या दुनियेत एक प्रश्न कायम वादाचा असतो. पाकीट खरोखर टपालासाठी गेलं होतं, की केवळ संग्राहकांना विकायला म्हणून बनवलं होतं? पहिलं असलं तर इभ्रत. दुसरं असलं तर नाकं मुरडतात. स्टीफन स्मिथचं सगळं आयुष्य या एका प्रश्नावर लटकलेलं आहे.

त्याचा जन्म १४ फेब्रुवारी १८९१ चा, शिलाँगचा. शाळा आसनसोलची, सेंट पॅट्रिक्स. शाळेत असतानाच त्याला दारूकामाचा नाद लागला. दिवाळीतल्या बाणासारख्या बाणांना पाली-सरडे बांधून ते शाळेच्या पोहण्याच्या तलावापलीकडे पाठवायचे उद्योग तो मित्रांबरोबर करायचा असं सांगतात. आपल्यापैकी कितीजणांनी फर्स्ट इयरला गॅलरीतून आडवे बाण सोडलेत ते मला माहीत आहे, रेक्टरसरांनाही माहीत आहे, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही. फरक इतकाच की आपण पेलोडचा विचार केला नाही. त्याने केला.

शाळा संपल्यावर तो कलकत्त्याला आला. आधी कस्टम्समध्ये नोकरी, मग पोलिसात, आणि शेवटी दातांचा डॉक्टर. हा प्रवास वाचून आपल्या प्लेसमेंट सेलला घेरी येईल. पण या सगळ्या धरसोडीत एक गोष्ट त्याने सोडली नाही ती म्हणजे हवेतून जाणारं टपाल.

याचं मूळ १९११ सालात आहे. त्या वर्षी अलाहाबादला मोठं प्रदर्शन भरलं होतं. १८ फेब्रुवारी १९११ ला आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने हंबर कंपनीच्या विमानातून सुमारे ६,५०० पत्रं प्रदर्शनाच्या मैदानावरून यमुना ओलांडून नैनीला नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, वेळ साधारण तेरा मिनिटं. जगातलं हे पहिलं अधिकृत विमान टपाल. लंडन नाही, पॅरिस नाही, न्यूयॉर्क नाही. आपलं अलाहाबाद! आणि होस्टेलकरांनो, कान टवकारा. त्या पत्रांवर जे जास्तीचे सहा आणे घेतले होते ते तिथल्या विद्यार्थ्यांच्या होस्टेलच्या इमारतीसाठी होते. आपली गळकी बाथरूम दुरुस्त करायला असं काही करता येईल का, हा विषय जीएसने पुढच्या मीटिंगला घ्यावा.

स्मिथ तेव्हा नुकताच वीस वर्षांचा झाला होता. वाढदिवसाला चार दिवस झाले होते फक्त. अलाहाबादच्या त्या टपालाने त्याच्या डोक्यात जे घर केलं ते शेवटपर्यंत. पुढच्या वीस वर्षांत भारतात जिथे जिथे विमानाने टपाल गेलं, तिथली पाकिटं तो जमवत राहिला, त्यांचा इतिहास लिहीत राहिला. पुढे इंडियन एअरमेल सोसायटीचा सेक्रेटरीही झाला. म्हणजे तो मुळात आमच्यातलाच, पाकिटवाला. इंजिनिअर नंतर.

मग रॉकेट कुठून आलं?

पत्र फेकून पाठवायची कल्पना जुनीच आहे. हाइनरिक फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाने १८१० मध्येच तोफेच्या गोळ्यातून टपाल पाठवायचा प्रस्ताव मांडला होता, अर्धी थट्टा म्हणून का होईना. आणि दारूच्या रॉकेटचं म्हणाल तर लोखंडी नळ्यांची रॉकेटं म्हैसूरच्या फौजेने इंग्रजांवर सोडली, त्यांतली काही इंग्रजांनी उचलून नेली, त्यांच्यावरून काँग्रीव्हने स्वतःची बनवली, ही गोष्ट आपण सगळेच जाणतो. पण रॉकेटमधून खरं टपाल नियमाने नेऊन दाखवलं ते ऑस्ट्रियाच्या फ्रीडरिक श्मीडलने. २ फेब्रुवारी १९३१ ला त्याने शोकल डोंगरावरून खालच्या सांक्ट राडेगुंड गावात १०२ पत्रं उतरवली. त्यानंतर गेरहार्ड झुकर नावाचा एक जर्मन ब्रिटनमध्ये गेला. मोठमोठ्या बाता मारून त्याने २८ जुलै १९३४ ला स्कॉटलंडमधल्या स्कार्प बेटावरून समोरच्या हॅरिस बेटावर रॉकेट सोडायला घेतलं. ते जागच्या जागी फुटलं. करपलेली पत्रं किनाऱ्यावर इकडेतिकडे उडाली. तीन दिवसांनी पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. ब्रिटिश पोस्टाचा उत्साह तिथेच मावळला.

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी स्मिथने आपलं पहिलं डाक-रॉकेट सोडलं.

जागा निवडली ती मात्र विचार करून. हुगळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे सागर बेट आहे, गंगासागरची यात्रा भरते तेच. कलकत्त्याला येणारी-जाणारी जहाजं इथून जातात. हवा खराब असली की होडी सोडता येत नाही, आणि किनारा समोर दिसत असून जहाजावरचं टपाल जहाजावरच राहतं. म्हणजे अंतर थोडं, पण ओलांडायला अवघड. रॉकेटसाठी यापेक्षा योग्य प्रॉब्लेम स्टेटमेंट मिळणं कठीण. ३० सप्टेंबर १९३४ ला जहाजावरून सागर बेटाच्या दीपगृहाच्या दिशेने १४३ पत्रं घेऊन रॉकेट निघालं. आणि हवेतच फुटलं!

झुकरचंही फुटलं, याचंही फुटलं. पण स्मिथने आणि त्याच्या माणसांनी विखुरलेली पत्रं वेचून काढली. १४३ पैकी १४० परत मिळाली. माझ्या मते या माणसाचा स्वभाव या एका आकड्यात आहे. प्रयोग फसला म्हणून तो टाकून निघून गेला नाही. त्याने पेलोड मोजला.

ते का फुटलं असेल, हे आपल्या मेकॅनिकलवाल्यांना सांगायला हवं. त्या काळची ही रॉकेटं म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू नळीत ठासून भरलेली. ठासताना दारूच्या त्या कांडीला बारीकशी चीर गेली, किंवा वाहतुकीत हादरा बसून ती पडली, तर पेटल्यावर ज्वाला त्या चिरेत शिरते. जळणारं क्षेत्रफळ एकदम वाढतं, वायू जास्त तयार होतो, तोंडातून तेवढा बाहेर पडू शकत नाही, दाब चढतो, दाब चढला की दारू आणखी वेगाने जळते, आणि नळी फाटते. हे सगळं एका सेकंदाच्या आत. बाहेरून बघून चीर ओळखता येत नाही. त्यात डोक्याकडे पत्रांचं वजन, मागून दारू जळत चाललेली, म्हणजे गुरुत्वमध्य उड्डाणभर सरकतोय. दिशा द्यायला काहीही नाही. सुटल्यावर वारा नेईल तिकडे नाक फिरवणार. आपण आज सिम्युलेशन करून हे दाखवू शकतो, त्याच्याकडे होती वही आणि फटाकेवाले कारागीर. दातांच्या डॉक्टरला दाढेतली न दिसणारी चीर शोधायची सवय असते, तेवढी मात्र जमेची बाजू म्हणायला हरकत नाही!

दुसरी जमेची बाजू म्हणजे सरकारी माणसं. श्मीडलला पुढे ऑस्ट्रियन सरकारने बंदी घातली. ब्रिटनमध्ये झुकरची काय गत झाली ते पाहिलंच. इथे उलट झालं. पोस्टातले आणि इतर खात्यांतले अधिकारी स्मिथला मोडता घालत बसले नाहीत, उत्तेजन देत राहिले. आपल्याकडे सरकारी खात्याबद्दल असं वाक्य लिहायला मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सगळ्यात मोठा पाठिंबा मिळाला सिक्कीममधून. तिथले राजे ताशी नामग्याल यांना या प्रकरणात खराखुरा रस वाटला. आणि का वाटू नये? सिक्कीममध्ये पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता बंद. समोरच्या डोंगरावरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं, पण तिथे पोचायला खाली दरीत उतरा, फुगलेली नदी ओलांडा, पुन्हा चढा. एप्रिल १९३५ मध्ये स्मिथ आपली रॉकेटं घेऊन गंगटोकला गेला आणि तिथे राजेसाहेबांच्या परवानगीने त्याने एकामागून एक उड्डाणं केली. नुसती पत्रंच नाहीत, तर एका रॉकेटमधून चहा, साखर आणि असल्याच बारीकसारीक वस्तूंचं छोटं पार्सल नदीपलीकडे टाकलं. रॉकेटने पार्सल पोचवायचा हा जगातला पहिला प्रयोग मानला जातो. सिक्कीमची ही पाकिटं आज रॉकेट टपालाच्या संग्राहकांची सगळ्यात लाडकी आहेत, आणि मला विचाराल तर ती योग्यच. कारण इथे रॉकेटला खरं काम होतं.

तेवढ्यात ३१ मे १९३५ ची पहाट उजाडली. क्वेट्ट्याला भूकंप झाला. हजारो माणसं एका रात्रीत गाडली गेली, शहर उद्ध्वस्त झालं. बातमी कलकत्त्याला पोचली आणि स्मिथने काही दिवसांतच एक प्रयोग लावला. तांदूळ, धान्य, मसाले आणि विड्या अशी शिधासामग्री रॉकेटमध्ये भरून नदीपलीकडे पाठवली. हेतू उघड होता. रस्ते तुटलेल्या ठिकाणी अडकलेल्या माणसाला पहिल्या काही तासांत काहीतरी पोचवता येईल का, एवढंच त्याला दाखवायचं होतं. आज पूर आला, भूकंप झाला की ड्रोनने औषधं टाकायच्या बातम्या आपण वाचतो, प्रोजेक्ट म्हणून त्याचे पोस्टरही लावतो. विड्यांची आठवण ठेवणारा माणूस मात्र मला त्या पोस्टरांत कुठे दिसला नाही. संकटात सापडलेल्या माणसाला काय लागतं ते स्मिथला माहीत होतं.

आणि मग आली ती प्रसिद्ध कोंबडी. २९ जून १९३५ ला दामोदर नदीच्या काठावर. आसनसोल याच दामोदरच्या खोऱ्यात आहे, म्हणजे जिथे पाली-सरडे उडवले तिथूनच फार लांब नाही. त्याने रॉकेटमध्ये एक कोंबडा आणि एक कोंबडी बसवली, सोबत रॉकेटने जायची पत्रं ठेवली आणि वात पेटवली. नावं ठेवली होती अॅडम आणि ईव्ह. रॉकेट नदी ओलांडून पलीकडे उतरलं. उघडून बघतात तर दोघंही जिवंत! घाबरली असतील, पिसं विस्कटली असतील, पण जिवंत. त्यांना नंतर कलकत्त्याच्या एका खासगी प्राणिसंग्रहालयात ठेवलं आणि तिथे ती पुढच्या वर्षापर्यंत सुखाने जगली. आपल्या मेसच्या कोंबडीच्या नशिबात असलं काही नसतं.

हसू येतं खरं. पण जरा थांबून विचार केला तर लक्षात येतं की पृथ्वीच्या कक्षेत कुत्री जायला अजून बावीस वर्षं होती. सजीवाला रॉकेटचा झटका सोसतो का, हा प्रश्न त्याने विचारला आणि जे हाताशी होतं ते वापरून उत्तर काढलं. पुढे त्याने सापही पाठवला असं सांगतात, त्याच्या तपशिलात शिरत नाही.

आता पैशाचं बोलू. कारण प्रोजेक्ट म्हटला की पहिला प्रश्न स्पॉन्सर कोण, हाच असतो. स्मिथच्या मागे ना विद्यापीठ होतं, ना कंपनी, ना सैन्य. रॉकेटं फुकट होत नाहीत. मग तो काय करायचा? रॉकेटबरोबर जायच्या पत्रांसाठी तो खास लेबलं आणि छापील कागद काढायचा, त्यांना रॉकेटग्राम म्हणत. उड्डाणाचं नाव, प्रसंग, कधी रॉकेटचं चित्र, वेगवेगळे रंग. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला १९३५ मध्ये पंचवीस वर्षं झाली, त्याचे रॉकेटग्राम. १९३७ मध्ये दिल्लीला स्काउटांची जांबोरी भरली, बेडन-पॉवेल आले होते, तिथली रॉकेटं आणि त्यांचे रॉकेटग्राम. उड्डाण झालं की ही पाकिटं गोळा करायची, त्यांवर सही-शिक्का करायचा आणि जगभरच्या संग्राहकांना विकायची. त्या पैशातून पुढचं रॉकेट.

इथेच वादाला तोंड फुटतं. पाकिटवाल्यांतला कर्मठ गट म्हणतो, हे टपाल नव्हेच. लेबल म्हणजे काही पोस्टाचं तिकीट नाही, आणि पत्र लिहिणाऱ्याला ते पत्र पोचण्याची गरज नव्हती, त्याला फक्त पाकीट हवं होतं. इंजिनिअर लोक दुसऱ्या बाजूने म्हणतात, हा तर स्मरणिका विकणारा हौशी माणूस, याने कुठे थ्रस्टचं समीकरण मांडलं? दोघांनी मिळून बिचाऱ्याला मधल्यामध्ये सोडून दिलं आहे.

मला दोन्ही गटांचं पटत नाही. लेबल म्हणजे तिकीट नव्हे, हे कबूल. अनेक पाकिटांवर म्हणूनच लेबलाशिवाय खरं भारतीय तिकीटही असतं आणि पोस्टाचा तारखेचा शिक्काही असतो, कारण रॉकेट उतरल्यावर पुढचा प्रवास पोस्टानेच व्हायचा. पण खरी गोष्ट त्याच्या पलीकडची आहे. १९३४ ते १९४४ या दहा वर्षांत स्मिथने सुमारे २७० रॉकेटं उडवली, त्यांतली निदान ८० डाक घेऊन गेली. त्या एकेका रॉकेटमधून निघालेली पाकिटं आज जगभर विखुरलेली आहेत. कुठल्या दिवशी, कुठून कुठे, किती पत्रं, रॉकेट पोचलं की फुटलं, हे त्या पाकिटांवर दिसतं. कडा करपलेल्या आहेत, काजळीचा डाग आहे, पाण्यात पडून तिकिटाचा रंग उतरला आहे. आपण जर्नलमध्ये रीडिंग लिहितो (आणि कधीकधी पाठच्या बॅचचं उतरवतो, ते जाऊ द्या), इथे रीडिंग स्वतःच चालून येतं. करपलेलं पाकीट खोटं बोलत नाही. विकायचंच असतं तर त्याला न फुटलेलीच तेवढी दाखवता आली असती. त्याने फुटलेल्याही उड्डाणांची पाकिटं तशीच जपली, नोंदवली.

अर्थात पाकीट खरं आहे हे ओळखायला शिकावं लागतं. जिथे पैसा तिथे बनावट माल येणारच. सही स्मिथची आहे का, लेबलाचा रंग आणि छपाई त्या उड्डाणाशी जुळते का, पोस्टाच्या शिक्क्याची तारीख उड्डाणाच्या तारखेच्या आगेमागे बसते का, हे बघायचं. यासाठी रॉकेट टपालाचा एलिंग्टन-झ्विस्लर कॅटलॉग आहे, जगभरची उड्डाणं त्यात नंबर देऊन लावली आहेत. एक अगदी साधी खूण सांगतो. काठ सगळीकडून सारख्या अंतरावर, नीटस जळलेले दिसले की संशय घ्या. मेणबत्तीवर धरलेला कागद आणि स्फोटात सापडलेला कागद यांत फरक असतो. स्फोट नीटस काम करत नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर दारू मिळणं आणि ती उडवणं दोन्ही कठीण झालं असणार. तरी तो थांबला नाही. शेवटच्या काळात त्याने दारूऐवजी दाबाखाली भरलेल्या वायूवर चालणारं रॉकेट करून बघितलं. १९४४ च्या डिसेंबरमधलं असलं उड्डाण हे त्याचं शेवटचं. वय त्रेपन्न. त्याच सुमारास जर्मनीची व्ही-टू रॉकेटं लंडनवर पडत होती. एकाच वर्षी, एकाच यंत्राची ही दोन टोकं. एकात स्फोटकं, एकात पत्रं.

मग रॉकेट टपाल आलं का नाही? नाही आलं. आणि त्याला हरवलं ते अपयशाने नव्हे, विमानाने. स्मिथच्या सागर बेटाच्या प्रयोगाच्या दोन वर्षं आधीच, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला जुहूवर विमान उतरवलं होतं. विमान परत वापरता येतं, वैमानिक वारा बघून दिशा बदलतो, आणि पत्र न करपता मिळतं. पुढे १९४९ मध्ये तर आपल्या नागपूरला रात्रीच्या विमान टपालाचा जंक्शन झाला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि सकाळच्या आत आपापल्या गावी परत जायची. विदर्भातल्या आपल्या मित्रांनी ही गोष्ट अभिमानाने सांगायला हरकत नाही. ही सोय सुरू झाली तेव्हा स्मिथ हयात होता. विमान टपालाचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाला त्याचा आनंदच झाला असेल, असं मी धरून चालतो.

अमेरिकेने मात्र नंतर एकदा हा खेळ खेळून बघितला. ८ जून १९५९ ला बार्बेरो या पाणबुडीवरून रेग्युलस क्षेपणास्त्रात ३,००० पत्रं घालून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरवली. सगळी सुखरूप. खर्च बघितल्यावर पुन्हा कुणी नाव काढलं नाही. आणि गंमत म्हणजे त्या पत्रांवरही पोस्टमास्तर जनरलचाच मजकूर होता, मोठमोठ्या लोकांना पाठवलेल्या स्मरणिकाच त्या. पण ते सरकारने केलं म्हणून त्याला इतिहास म्हणायचं आणि स्मिथने केलं म्हणून हौस!

स्टीफन स्मिथ १५ फेब्रुवारी १९५१ ला कलकत्त्यात वारला. साठावा वाढदिवस आदल्याच दिवशी होऊन गेला होता. थुंब्याला अजून बारा वर्षं होती.

भारतीय पोस्टाने त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त त्याच्यावर तिकीट काढलं ते १९९२ मध्ये, म्हणजे शताब्दी उलटून गेल्यावर. टपाल उशिरा पोचलं, पण पोचलं. ते कोरं तिकीट माझ्याकडे आहे, कुठल्याही डीलरकडे सहज मिळतं. त्या वर्षीच्या खऱ्या पत्रावर लावलेलं, शिक्का बसलेलं, कुणाच्या तरी घरी पोचलेलं तिकीट मात्र मी अजून बघितलेलं नाही. तुमच्या गावी माळ्यावर, आजोबांच्या पेटीत १९९२-९३ ची जुनी पत्रं पडलेली असतील तर दिवाळीच्या सुट्टीत एकदा उलथीपालथी करून बघा. सापडलं तर बी-विंगमध्ये कुणालाही कचरावाल्याची रूम विचारा, दाखवतील. एकच विनंती. तिकीट कात्रीने कापू नका, पाण्यात भिजवून सोडवू नका, पत्र आत असेल तर बाहेर काढू नका. आहे तसं अख्खं पाकीट आणा.